सोडा, भरडा आणि सहा गोऱ्हे: इंदूरच्या कंपेल रस्त्यावरच्या गोठ्यातल्या नोंदी

२९ ऑगस्ट २०२५

मामांकडे सहा माळवी गोऱ्हे आहेत. दीड ते दोन वर्षांचे. छातीची फीत लावून वजन काढलं तर १८० ते २१० किलोच्या मधले. दिवाळीच्या सुमारास ते विकायचे आहेत आणि बैल घेणारा माणूस आधी पाठ आणि पुठ्ठे बघतो, म्हणून मामांना ते अंगाने भरलेले हवेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माणशी म्हणावा तसा जनावरामागे भरडा, म्हणजे जाडसर दळलेला मका, एक किलोवरून थेट अडीच किलोवर नेला. चौथ्या दिवशी शेण पातळ, फेसाळ. दोघांनी भुसा गव्हाणीत तसाच ठेवला.

मामांचा फोन आला तो प्रश्न घेऊनच. "अगं, डेअरीवाले सगळे खाण्याचा सोडा घालतात. आपण घातला तर पचेल ना यांना?"

महूच्या कॉलेजात पशुआहार शिकले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण या प्रश्नाला मी तेव्हाही एका वाक्यात उत्तर देऊ शकले नसते. पचेल म्हणजे काय पचेल? भरडा की भुसा? म्हणून ही वही. सहा जनावरांवरून जगाला सांगण्यासारखं काही निघत नाही. मला या सहा पोटांत काय चाललंय तेवढं नीट बघायचं आहे.

आजच्या आज एकच केलं: भरडा परत एक किलोवर आणला. मामा नाराज झाले, पण ऐकलं.

३ सप्टेंबर

गौरींमुळे तीन दिवस खंड. आज सकाळी सहालाच रामबागेतून निघाले.

शेण धुतलं. हे काम कुणालाही जमतं आणि कुठल्याही प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा लवकर बोलतं. ताजं शेण, अर्धा किलो मोजून, रवा चाळायच्या चाळणीत घेतलं आणि नळाखाली हलक्या हाताने धुतलं. हिरवट पाणी निघून गेलं की चाळणीत उरतं ते जनावराने न पचवलेलं. ढवळ्याच्या शेणात मक्याचे पिवळे कण होते, नखाने दाबले तर आतून पांढरं पीठ निघालं. त्याहून मला खटकल्या त्या गव्हाच्या काडाच्या तुकड्या. रंग अजून सोनेरी, कडा धारदार, जशा गव्हाणीत पडल्या तशाच बाहेर आल्या होत्या. पोटातल्या जिवाणूंनी त्यांना तोंडही लावलं नव्हतं.

त्याचं कारण ठाऊक आहे. काड फोडणारे जिवाणू, फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस या कुळांतले, फार नाजूक असतात. कोटीपोटाचा (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटाचा) सामू, म्हणजे पीएच, ६.२ च्या आसपास उतरला की (सामू जितका कमी तितकं आम्ल जास्त) त्यांचं काम मंदावतं आणि सहाच्या खाली बरंचसं थांबतं. पिष्ट (धान्यातलं स्टार्च) खाणाऱ्या जिवाणूंना तेवढ्या आम्लाचं काही वाटत नाही. भरडा वाढला की पिष्ट झपाट्याने आंबतं, आम्ल साचतं, सामू उतरतो आणि भुसा नुसता पडून राहतो. भुसा पडून राहिला की पोट भरलेलं राहतं आणि जनावर खाणं सोडतं. मामांना वाटलं गोऱ्ह्यांना भुसा आवडेनासा झाला.

संध्याकाळी रवंथ मोजलं. घास वर आला की गिळेपर्यंत किती वेळा चावतो ते. पन्नासच्या वर हवं, साठ झालं तर उत्तम. मोऱ्या ४१, ढवळ्या ३८. गोठ्यावरचे काका बाजूला उभे होते. त्यांनी चार दिवसांपूर्वीच मामांना सांगितलं होतं, ये जुगाली कम कर रहे हैं. कुणी मनावर घेतलं नव्हतं. इथून पुढे मी त्यांचं आधी ऐकणार आहे.

५ सप्टेंबर

सियागंजातून सोड्याची गोणी आणली. गोणीवर छाप नव्हता, दुकानदार म्हणाला खाण्याचाच आहे. घरी चिमूटभर बोटांत घेतला तर दाणा खरखरीत लागला. म्हणून एक टक्क्याचं द्रावण करून सामूमापक बुडवला. ११.३.

खाण्याच्या सोड्याचं द्रावण ८.३ च्या आसपास दाखवतं. ११ च्या वर म्हणजे तो धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. तो आंबोणात (भिजवलेल्या भरड्यात) गेला असता तर तोंड आणि अन्ननळी पोळायचा धोका होता. मापक बिघडला असेल म्हणून चार आणि सातच्या प्रमाण द्रावणांत परत तपासला, बरोबर होता. गोणी परत केली. दुकानदाराने "दोन्ही सोडेच तर आहेत" असं म्हणत बदलून दिली. हात थरथरत होते माझे. किती गोठ्यांत असा सोडा जात असेल?

ज्यांच्याकडे मापक नसेल त्यांनी निदान छापील पिशवी घ्यावी, सुटा सोडा घेऊ नये.

६ सप्टेंबर

गट पाडले. ढवळ्या, चांद्या, मोऱ्या यांना सोडा. बाकी तिघांना नाही. दोघांनाही तोच भुसा, तोच भरडा, आणि भरडा दर पाच दिवसांनी अर्धा किलो वाढवायचा, तीन किलोपर्यंत. सोडा जनावरामागे ५० ग्रॅम, म्हणजे दिवसभरात खाल्ल्या जाणाऱ्या सुक्या चाऱ्याच्या साधारण एक टक्का. दोन वेळांत विभागून, भरड्यात आधी कोरडा मिसळून मग पाणी. पावसाळी हवेने गोणीत खडे झालेत, ते फोडून चाळून घ्यायचे, नाहीतर एकाच्या वाट्याला खडा येतो आणि तो तोंड फिरवतो.

८ सप्टेंबर

मोऱ्याने आंबोण निम्मं टाकलं. सोड्याची चव त्याला नको आहे. मूठभर गूळपाणी शिंपडलं तेव्हा खाल्लं. चवीसाठी गूळ चालेल, पण तोही लवकर आंबणारा, म्हणून मूठभरच.

१० सप्टेंबर

रात्री हिशेब मांडला. हा हिशेब मला वर्गात कुणी मांडून दाखवायला हवा होता.

गाईची लाळ हीच मुळात सोड्याचं पाणी आहे. लाळेचा सामू आठच्या वर असतो आणि एका लिटरमध्ये साधारण दहा ग्रॅम खाण्याच्या सोड्याएवढं बायकार्बोनेट असतं, शिवाय थोडं फॉस्फेट. मोठी गाय दिवसाला शंभर ते दीडशे लिटर लाळ गिळते. म्हणजे ती रोज एक ते दीड किलो सोडा स्वतःच तयार करून स्वतःच्या पोटात घालते. आपला गोऱ्हा लहान आहे, तीस लिटर धरली तरी तीनशे ग्रॅम झाले. मी वरून देते ५० ग्रॅम.

आणि ही लाळ केव्हा सुटते? चावताना. रवंथ करताना सगळ्यात जास्त. भरडा पटकन गिळला जातो, त्याला ना चावणं लागतं ना रवंथ. म्हणजे भरडा एका हाताने आम्ल वाढवतो आणि दुसऱ्या हाताने लाळ कमी करतो. रवंथाचे चावे ३८ वर आले तेव्हा ढवळ्याचा स्वतःचा सोड्याचा कारखाना किती बंद पडला असेल, आणि त्याची भरपाई ५० ग्रॅम कितीशी करणार?

साचलेलं बरंचसं आम्ल खरं तर कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जातं, तेच जनावराचं इंधन. पण ती भिंतही सवयीने तयार होते. भरडा हळू वाढवला तर तिच्यावरचे बारीक केसांसारखे उंचवटे वाढतात, शोषून घ्यायची जागा वाढते. त्याला तीन-चार आठवडे लागतात. एकदम अडीच किलो घातला तर ती जागाच नसते.

१४ सप्टेंबर

आज एक गोष्ट दिसली जिची मी वाट बघत नव्हते.

काका म्हणाले, सोड्याच्या बाजूचा हौद दोनदा भरावा लागतो. मी दोन दिवस बादलीने मोजून पाणी दिलं. सोडावाले तिघे मिळून ७४ लिटर, दुसरे तिघे ६१. तिकडची जमीनही जास्त ओली. कारण साधं: सोड्यात २७ टक्के सोडियम आहे. ५० ग्रॅम सोडा म्हणजे सोडियमच्या हिशेबाने ३५ ग्रॅम मीठ, आणि मी रोजचं मीठही चालूच ठेवलं होतं. चूक माझी. आजपासून त्या तिघांचं मीठ बंद.

पण त्यावरून रसेल आणि चाऊ यांचा १९९३ सालचा लेख आठवला. त्यांचं म्हणणं असं होतं की सोड्याचं खरं काम आम्ल मारण्याचं नसावं. सोडियममुळे जनावर जास्त पाणी पितं, कोटीपोटातला द्रव लवकर पुढे वाहतो आणि त्याबरोबर न आंबलेलं पिष्टही आतड्यात निघून जातं. पिष्ट कमी आंबलं म्हणून आम्ल कमी, म्हणून सामू वर. कॉलेजात हे वाचलं तेव्हा कागदावरची युक्ती वाटली होती. आज बादली हातात घेऊन मोजताना ते पटलं.

मग भरड्याचं काय होतं? आतड्यात तो पचला तर चांगलंच. नाही पचला तर शेणात दिसेल. म्हणून उद्यापासून दोन्ही गटांचं शेण वेगवेगळं धुवायचं.

१७ सप्टेंबर

भरडा दोन किलोवर. दोन्ही गटांत फरक आहे आणि तो काडात आहे. सोडावाल्यांच्या चाळणीत काड मऊ, तपकिरी, बोटांत चोळलं की तंतू सुटतात. दुसऱ्या गटात अजून धारदार तुकडे. सकाळच्या भरड्यानंतर चार तासांनी, जेव्हा सामू सगळ्यात खाली असतो तेव्हा, नळीने कोटीपोटाचं पाणी काढलं. पहिलं पाणी लाळेचं असतं, ते टाकून दिलं. चांद्या ६.१, पलीकडचा तांबडा ५.७.

मक्याचे कण मात्र दोन्हीकडे सारखेच. उलट सोड्याच्या बाजूला किंचित जास्त वाटले. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं की सोड्याने भुसा पचायला मदत होते, भरडा पचायला नाही. मी ते त्यांना तसंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मी महागाचा भरडा पचावा म्हणून सोडा घालत होतो आणि पचतोय स्वस्तातला भुसा." हो. आणि तोही फायदाच आहे, कारण पोटात सगळ्यात जास्त भुसाच जातो.

यावरून अमेरिकेतल्या मांसाच्या जनावरांवरचं काम नीट समजतं. तिथल्या मोठ्या फीडलॉटमध्ये, म्हणजे जनावरं कत्तलीआधी पोसायच्या वाड्यांमध्ये, शेवटच्या टप्प्यात खुराकाचा ८० ते ९० टक्के भाग धान्य आणि तत्सम दाण्याचाच असतो. चारा दहा टक्क्यांच्या आसपास, तोही रवंथ चालू राहावं म्हणून. सोडा तिथे पहिल्या काही आठवड्यांत, जनावर चाऱ्यावरून धान्यावर येत असताना उपयोगी पडतो. खाणं कमी-जास्त होत नाही, पोट बिघडत नाही. एकदा जनावर रुळलं की वजनवाढीत फरक बहुतेक दिसेनासा होतो. आधी मला हे सोड्याचं अपयश वाटायचं. पण तिथे पचायला चाराच इतका कमी असतो की काड पचण्यातला फायदा दिसणार कुठे? शिवाय पिष्ट आंबून जे प्रोपिओनेट नावाचं आम्ल बनतं त्यापासूनच जनावर साखर आणि पुढे अंग बनवतं. सोड्याने प्रोपिओनेट घटतं, अॅसिटेट हे दुसरं आम्ल वाढतं. दुधाच्या गाईला अॅसिटेट दुधातल्या फॅटसाठी हवंच असतं, म्हणून डेअरीवाले सोडा घालतात आणि त्यांचं बरोबर आहे. अंग भरायच्या जनावराला तोच हिशेब लावता येत नाही. मामांनी डेअरीवाल्यांचं बघून विचारलं होतं, आणि घोटाळा तिथेच होता.

२२ सप्टेंबर

काल सर्वपित्री. लिहायची ताकद आज आली.

काका त्यांच्या घरच्या तर्पणाला गेले होते, मी शहरात आमच्याकडच्या पानात. गोठ्याशेजारच्या वसाहतीतून लोक गोग्रास घेऊन आले. खीर, पुऱ्या, वडे, आणि कुणीतरी भाताचं अख्खं पातेलं. श्रद्धेने आणलं होतं, फाटक उघडं दिसलं, दारापाशी ढवळ्या होता, त्याच्या गव्हाणीत रिकामं केलं. त्याने सगळं खाल्लं.

रात्री नऊला मामांचा फोन. ढवळ्या उभा राहत नाही. गेले तेव्हा तो बसून मान कुशीत घातलेली. डाव्या कुशीला मूठ लावून हलवलं तर आतून पाण्याच्या कळशीसारखा डुचमळल्याचा आवाज. शेण आंबूस वासाचं, राखाडी. नळीने काढलेल्या पाण्याचा सामू ४.९. मिथिलिन ब्लूचे थेंब टाकले. निरोगी पाण्यात तीन ते सहा मिनिटांत निळा रंग जातो, इथे वीस मिनिटांनीही निळं ते निळंच. आत जिवंत काम करणारं काही उरलं नव्हतं.

शिजवलेला भात आणि मैदा काही तासांत आंबतो. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू भराभर वाढतो आणि लॅक्टिक आम्ल करतो, जे पोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा जवळजवळ दहापट तीव्र. ते खाऊन टाकणारे जिवाणू आहेत, मेगास्फेरा एल्सडेनी त्यातला मुख्य, पण त्यांना वाढायला दिवस लागतात.

डॉक्टर साडेदहाला आले. कोमट पाण्याने पोट तीनदा धुतलं, शिरेतून बायकार्बोनेटचं सलाईन, बी१ चं इंजेक्शन. पहाटे चारला ढवळ्याने कान हलवला. काका त्याच्या डोक्याशी बसून होते, त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही.

तो सोड्याच्या गटातला होता. रोज ५० ग्रॅम सोडा चालू असताना हे झालं. मी वहीत हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते आहे.

२३ सप्टेंबर

चांद्याच्या पोटातलं तीन लिटर पाणी नळीने काढून, कापडातून गाळून, गरम असतानाच ढवळ्याला पाजलं. मेलेल्या पोटात जिवंत विरजण लावायचं, तसंच. दुपारी त्याने थोडा हिरवा घास चावला. मामांनी फाटकाला कुलूप घातलं आणि बाहेर पाटी लावली: गोग्रास म्हणून हिरवा चारा आणावा, शिजवलेलं अन्न नको. पाटी मीच लिहिली.

२६ सप्टेंबर

ढवळ्या आता हिशेबातून बाहेर. उरले दोन आणि तीन.

आज आणखी एक गोष्ट तपासायची आठवण झाली, जी आधीच व्हायला हवी होती. हे नर आहेत. धान्य आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त, आणि सोड्याने लघवी अल्कधर्मी होते. फॉस्फेटचे खडे अशाच लघवीत बसतात. गाईला त्रास होत नाही, नराची मूत्रनलिका अरुंद आणि वळणाची, तिथे खडा अडकतो. म्हणून गव्हाचा कोंडा निम्मा केला, चुनखडीची पूड घालून कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीला आणलं, आणि पाणी कधी संपू द्यायचं नाही असं काकांना सांगितलं. चुनखडी कोटीपोटात फारशी विरघळत नाही, त्यामुळे तिला सोड्याच्या जागी धरू नये. तिचा उपयोग पुढे आतड्यात.

सोडा तीन-चार आठवड्यांपलीकडे या नरांना द्यायचा नाही, हे ठरलं.

३ ऑक्टोबर

काल दसरा, सुट्टी.

भरडा तीन किलोवर आहे आणि दोन्ही गटांतला फरक कमी झालाय. तांबड्याचा सामू आता ५.९. सोडा न घालताही तो रुळला, कारण वाढ हळू केली. मला वाटतं मुळातला इलाज हाच होता.

पण रवंथ अजून कुठेच पन्नासच्या वर जात नाही, ना सोड्यात ना बिनसोड्यात. आज भुसाच हातात घेऊन बघितला. थ्रेशरचा बारीक भुसा, बहुतेक तुकडा एक सेंटीमीटरपेक्षा लहान, निम्मी धूळ. असा चारा वर चढून रवंथाला येतच नाही, खाली बसतो. महिनाभर मी सोडा मोजत होते आणि चाऱ्याची लांबी एकदाही मोजली नव्हती.

शेजारच्या शेतात मका निघालाय. कडबा विकत घेतला. कुट्टी यंत्राचं पातं सरकवून चार-पाच सेंटीमीटरचे तुकडे. बारीक भुसा निम्मा, कडबा निम्मा. नवा मका अजून ओला आहे, तो लवकर आंबतो, म्हणून भरड्याला जुनाच वापरायचा आणि दळताना पीठ होऊ द्यायचं नाही, दाण्याचे चार-सहा तुकडे एवढंच.

७ ऑक्टोबर

सोडा कालपासून सगळ्यांचा बंद. रवंथ: चांद्या ५४, मोऱ्या ५२, तांबडा ५६. ढवळ्या अजून ४५, पण त्याचं खाणं पूर्ववत.

१२ ऑक्टोबर

चाळणीत आज काड मऊ. सोडा न घालता. मक्याचे कण अजून थोडे आहेत, भरडा आणखी बारीक करू का असं मामांनी विचारलं, मी नको म्हटलं.

रात्री आठला गोठ्यात गेले. दिवा लावला नाही. सहाही बसलेले, फक्त जबड्यांचा आवाज. ढवळ्याच्या शेजारी बसून मोजलं. घास वर आला, गळ्यातून सरकताना दिसला, आणि मी बोटं मोडत गेले. ५८. काका दारात उभे होते, त्यांनी विचारलं, कितने? मी सांगितलं. ते म्हणाले, मेरे गिने साठ.

गोणीत अकरा किलो सोडा उरलाय. तोंड घट्ट बांधून वरच्या फळीवर ठेवला, चिठ्ठी लावून: खाण्याचा, सामू ८.३, तपासलेला.